नट तीन आटे जातो आणि अडतो

वाचकांचे प्रश्न : लेथ, आटे आणि गिअर

मुरगूडहून एक निवृत्त शिक्षक लिहितात :

मेस्त्री, नमस्कार. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं, पण लोखंडकामाची हौस राहून गेली होती. गेल्या दिवाळीत कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या मशिनरीवाल्याकडून तीन फुटी बेडचा लहान लेथ घेतला. सोबत गिअरची पेटी मिळाली : २०, ३०, ३५, ४०, ४५, ५०, ५५, ६०, ६५, ७०, ८० आणि १०० दात्यांची, प्रत्येकी एक. पुतण्याच्या कडबाकुट्टीच्या पात्यांना एम-१० चे, म्हणजे १० मिमी व्यासाचे बोल्ट लागतात. लेथच्या झाकणावर तक्ता आहे, त्यात १.५ पिचसमोर (पिच म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर) ४० आणि ८० लिहिलंय. तीच चाकं लावली. आटे दिसायला सुरेख पडले. पण बाजारातला नट तीन आटे जातो आणि अडतो. कानशीनं बोल्ट थोडा बारीक केला तेव्हा नट पुढं गेला, आता मात्र ढिला वाटतो. लीड स्क्रूचे, म्हणजे टूल पुढं सरकवणाऱ्या लांब आटेवाल्या दांड्याचे, दहा आटे पट्टीवर मोजले तर ३२ मिमीच्या किंचित आत भरतात. माझं टूल चुकतंय का?

उत्तर :

गुरुजी, आधी ते बोल्ट कडबाकुट्टीतून काढा. पत्र पूर्ण वाचायच्या आधी काढा, मग वाचायला बसा. कानशीनं बारीक केलेल्या बोल्टवर नट चढला तरी सगळा भार एकदोन आट्यांवर येतो, बाकीचे आटे नुसते हवेत असतात. कडबाकुट्टीचं पातं जोरात फिरतं आणि समोर पेंढी सारणारा माणूस उभा असतो. पात्याला बाजारातले हाय टेन्साइल बोल्टच लावा, डोक्यावर ८.८ असा आकडा ठोकलेला बघून घ्या. साध्या एम.एस. (मऊ पोलादाच्या) सळीतून घरी केलेला बोल्ट, त्याचे आटे कितीही सुंदर असले तरी, त्या जागेसाठी नाही. तुमच्या लेथवर स्टँडचे, मोटारीच्या पायांचे, झाकणांचे बोल्ट करा. ती कामं भरपूर आहेत.

आता आट्यांचं. टूल चुकलेलं नाही, तुमचा हातही चुकलेला नाही. तक्ता चुकलाय, आणि तोही तसा खोटा नाही. तो दुसऱ्याच मशीनचा आहे.

हे तुमच्याच पत्रातून कळलं. लीड स्क्रूचे दहा आटे ३२ च्या किंचित आत भरले म्हणता. ते बरोबर ३१.७५ असणार. म्हणजे एक आटा ३.१७५ मिमी, म्हणजे एक सूत, म्हणजे इंचाला आठ आटे. तुमचा लीड स्क्रू इंची आहे. तो एक फेरा फिरला की कॅरेज (टूल धरणारा सरकता भाग) एक सूत सरकतं. आता झाकणावरचा तक्ता काय म्हणतो? ४० च्या चाकानं ८० चं चाक फिरवा, म्हणजे स्पिंडलच्या (सळी फिरवणाऱ्या दांड्याच्या) एका फेऱ्याला लीड स्क्रू अर्धा फेरा फिरेल, आणि १.५ मिमीचा आटा पडेल. अर्ध्या फेऱ्यात १.५ मिमी सरकायचं तर लीड स्क्रू ३ मिमी पिचचा हवा. तसे लेथ असतात, आणि हे झाकण तसल्याच एखाद्यावरून आलंय. जुना लेथ उभा करताना एकाचा टेलस्टॉक, दुसऱ्याचं झाकण, तिसऱ्याची चाकं असं होतं. त्यात फसवाफसवी असतेच असं नाही, पण तक्ता तेवढा काढून ठेवा.

तुम्ही कापलाय तो आटा १.५ चा नाही, अर्ध्या सुताचा आहे : १.५८७५ मिमी, इंचाला सोळा. दोन्ही आटे शेजारी धरले तर डोळ्याला फरक कळत नाही. पण नट एकेक आटा पुढं जाईल तशी चूक साठत जाते. पहिल्या आट्याला ०.०८७५, दुसऱ्याला दुप्पट, तिसऱ्याला पाव मिमीच्या वर. नट आणि बोल्टमध्ये एवढी मोकळीक नसते, म्हणून तो तिथं अडतो. अशा वेळी हात आपोआप कानशीकडं जातो, कारण बोल्ट जाड आहे असं वाटतं. नट पहिल्या फेऱ्यालाच घट्ट जात असेल तर बोल्ट जाड. सुरुवातीला सुखानं जाऊन दोनतीन आट्यांनंतर घट्ट होत असेल तर पिच चुकलं. एवढी खूण लक्षात ठेवली तर पुढचं पुष्कळ वाचेल.

हे मी इतकं ठासून लिहितो कारण यात माझे साठ स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) गेलेत. १९८१ ची गोष्ट, उद्यमनगरातच एका शेडमध्ये मी शिकाऊ होतो. एम-१२ चे स्टड होते, पिच १.७५. मशीनचा लीड स्क्रू इंचाला चार आटे. मिलिमीटरचा आटा काढायचं मोठं चाक भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असायचं, तेलकट फडक्यात गुंडाळून. ते लावायचं तर सगळी मांडणी बदलावी लागे. मशीनवर आधीच २० आणि ७० लावलेली होती, त्यात इंचाला चौदा आटे पडत. पिच गेजचं १.७५ चं पान लावून बघितलं, बसल्यासारखं वाटलं, आणि मी साठ नग काढून मोकळा झालो. चौदाचा आटा १.८१४ मिमीचा. नट तिसऱ्या आट्याला अडू लागला.

वस्तादांनी आवाज चढवला नाही. भिंतीवरचं ते चाक काढून माझ्या मांडीवर दिलं, हातात खडू दिला आणि म्हणाले, दाते मोज. एका दात्यावर खडूची खूण केली आणि मोजत गेलो. एकशे सत्तावीस. मग म्हणाले, याला पाचानं भाग. पंचवीस पूर्णांक चार दशांश. एक इंच. साठ स्टडचं लोखंड गेलं ते गेलं, पण १२७ चा आकडा कुठून येतो हे त्या दुपारी कळलं ते आजपर्यंत सुटलं नाही.

तुम्ही गणिताचे, म्हणून हे तुम्हाला सांगायला मला फार बरं वाटतंय. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी, हे १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन वगैरे देशांनी ठरवून घेतलेलं माप आहे. अपूर्णांक काढून टाकायला पाचानं गुणलं की १२७. आणि १२७ ही मूळ संख्या. तिचे भाग पडत नाहीत, म्हणून इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचा आटा तंतोतंत काढायचा तर गिअरमध्ये कुठंतरी १२७ दाते यावेच लागतात. दोन लहान चाकं जोडून ते होत नाही.

तुमच्या लेथचं गणित असं. स्पिंडलच्या एका फेऱ्याला कॅरेज १.५ मिमी सरकायला हवं. लीड स्क्रूच्या एका फेऱ्याला ते ३.१७५ सरकतं. तर १.५ भागिले ३.१७५. वर खाली ४० नं गुणा : ६० भागिले १२७. फिरवणारं चाक ६० चं, फिरणारं १२७ चं. पिच कुठलंही असो, याच रीतीनं करा : हवं ते पिच वर, लीड स्क्रूचं पिच खाली. फिरवणारी चाकं वर, फिरणारी खाली.

तुमच्या पेटीत १२७ नाही. असतं तरी लहान लेथच्या झाकणाखाली ते मावणं कठीण. दीड मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) असेल तर त्याचा बाहेरचा व्यास १९३.५ मिमी होतो. मग काय करायचं? तुमच्याकडच्या बारा आकड्यांवर मी एक संध्याकाळ बसलो. ६०/१२७ म्हणजे ०.४७२४४. याच्या जवळ जाणारं तुमच्याच पेटीतलं गणित निघालं : ४० नं ५५ फिरवायचं, ५५ च्याच दांड्यावर ६५, आणि ६५ नं १०० फिरवायचं. ४० गुणिले ६५, भागिले ५५ गुणिले १००, म्हणजे २६/५५, म्हणजे ०.४७२७३. यात पडणारा आटा १.५००९ मिमीचा. नऊ दशसहस्रांश मिमीची चूक. एम-१० चा नट साधारण ८ मिमी जाड, त्यात जेमतेम साडेपाच आटे. सगळी चूक मिळून ०.००५ मिमी. नटाला तिचा पत्ताही लागणार नाही. लांब लीड स्क्रू करायचा असता तर मी हे सांगितलं नसतं, कारण तिथं मीटरभर लांबीत ०.६ मिमीची चूक साठली असती. बोल्टला हे पुरून उरतं, आणि नवं काही विकत आणायला नको.

चाकं लावण्यापूर्वी एक गोष्ट तपासायची असते. स्पिंडलपासून टंबलरमधून (दिशा बदलणाऱ्या गिअरमधून) पहिल्या चाकाच्या दांड्यापर्यंत एकास एक फिरतंय का? बऱ्याच लेथवर असतं, काहींवर निम्मं असतं. एरवी मी सांगितलं असतं, चकवर (सळी पकडणाऱ्या जबड्यावर) आणि त्या दांड्यावर खडूची खूण करा आणि चक हातानं दहा फेरे फिरवून मोजा. पण तुमच्याकडं याहून चांगला साक्षीदार आहे : तो चुकलेला बोल्ट. कानस न लागलेला एखादा असेल तर व्हर्निअरनं एका आट्याच्या टोकापासून पुढच्या दहाव्या टोकापर्यंत मोजा. १५.८७ च्या आसपास आलं तर लीड स्क्रू इंचाला आठ आणि वरचं गिअरिंग एकास एक, दोन्ही गोष्टी एका मापात सिद्ध. तो बोल्ट पेटीत जपून ठेवा.

आता मांडणी. मेन स्विच बंद करा आणि प्लगही भिंतीतून उपटून ठेवा. नुसत्या स्विचवर विसंबून गिअरमध्ये हात घालू नका, आणि हे मी काळजीपोटी लिहितोय. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या मुलाची दोन बोटं अशाच सकाळी गेली. दुसऱ्या कुणीतरी बटण दाबलं होतं.

वरच्या दांड्यावर ४०, खाली लीड स्क्रूच्या टोकाला १००. मधल्या बुशवर ५५ आणि ६५ एकत्र, एका कीनं बांधलेली, म्हणजे दोन्ही बरोबरच फिरतील. ५५ चं चाक ४० च्या रेषेत यायला हवं आणि ६५ चं १०० च्या रेषेत. नाही आलं तर १०० च्या मागं किंवा पुढं वॉशर घालून रेषा जुळवा. मग क्रम असा, आणि हा क्रम उलटा केला की तासभर जातो : मधला दांडा खाचेच्या पट्टीत सैल ठेवून आधी ६५ ला १०० वर टेकवा आणि तो दांडा कसा. त्यानंतर अख्खी पट्टी वर फिरवून ५५ ला ४० वर टेकवा आणि पट्टी कसा. खालून वर यायचं.

टेकवा म्हणजे किती? इथं तुमच्या घरातली वस्तू कामाला येईल. शाळेच्या वहीचं पान घ्या, बोटभर रुंदीची पट्टी फाडा. दोन चाकांच्या दात्यांमध्ये ती घालून चाकं एकमेकांवर दाबा आणि तशीच धरून नट कसा. मग हातानं चाक फिरवून कागद बाहेर काढा. त्यावर दात्यांच्या घड्या ठळक उमटल्या पाहिजेत, पण कागद फाटलेला नको. फाटला तर चाकं जास्त घट्ट बसली. ती रडतील आणि आट्यावर लाटा दिसतील. घड्या पुसट असतील तर सैल बसली. मग एक पूर्ण फेरा हातानं फिरवा. जुनं चाक एका जागी उंच असतं, तिथं अडकतंय का ते हाताला कळतं. सगळं ठीक वाटलं की थोडं ग्रीस.

चक पुढं फिरवल्यावर कॅरेज चककडं सरकतंय ना, एवढं बघून घ्या. उलटं जात असेल तर टंबलरचा दांडा दुसऱ्या खाचेत घाला.

आणि लगेच आटा कापू नका. सळी ९.८५ च्या आसपास घासून घ्या, तिच्यावर मार्करनं निळा रंग फासा, टूल नुसतं टेकवून एक ओरखडा ओढा. व्हर्निअर लावा. दहा आटे १५ मिमी. आले? मग कापा. १५.८७ आले तर अजून काही बिघडलेलं नाही, सळी तशीच आहे. ही सवय साठ स्टडनंतर मला लागली, आणि गेली चाळीस वर्षं मी ओरखडा मोजल्याशिवाय पहिला कट दिलेला नाही. तक्ता कितीही ओळखीचा असो.

एम-१० ची खोली एका बाजूनं ०.९२ मिमी. सुरुवातीचे कट ०.२ चे, मग कमी करत शेवटचे ०.०५ चे, भरपूर तेल लावून. टूल ६० अंशाचं, सेंटर गेज लावून सळीला काटकोनात धरलेलं. वेग मशीनवर असेल तो सगळ्यात कमी. लहान लेथचा कमी वेगही नवख्याला जास्त वाटतो, शेवटी मशीन थांबवायला हात जाईपर्यंत टूल खांद्यावर आदळतं. त्यासाठी स्पिंडलच्या मागच्या भोकात घट्ट बसेल असं एक हँडल करून घ्या आणि प्लग काढून हातानंच फिरवून आटा काढा. एवढ्या लहान बोल्टला पाच मिनिटं जास्त लागतात, आणि आटा खांद्याच्या अगदी अलीकडं बरोबर थांबवता येतो. मोटर सुरू करण्यापूर्वी ते हँडल काढायला मात्र विसरू नका.

आणखी एक. याच ५५ आणि ६५ वर तुमचा १.२५ चा आटाही निघतो, एम-८ साठी : ६५ नं ५५, आणि २० नं ६०. इथं क्रम बदलू नका. गणिताला २० नं ५५ आणि ६५ नं ६० हेही तेवढंच, पण ते मशीनवर बसत नाही. २० आणि ५५ मिळून ७५ दाते. ६५ चं चाक एवढं मोठं की ते वरच्या दांड्याच्या नटावर घासेल. आमच्याकडं नियम असा : पहिल्या दोन चाकांचे दाते मिळून तिसऱ्यापेक्षा किमान १५ नं जास्त हवेत, आणि शेवटच्या दोघांचे मिळून दुसऱ्यापेक्षा १५ नं जास्त. कागदावर हे बघून घेतलं की चाकं काढा-घाला होत नाही.

१.७५ आणि २ हेही तुमच्याच पेटीत निघतात : १.७५ ला ४५ नं ३५, आणि ३० नं ७०; २ ला ४५ नं ५०, आणि ७० नं १००. १.७५ आणि १.२५ याहून अचूक हवे असतील तर एक ६३ दात्यांचं चाक करून घ्या. ६३ का, ते तुम्ही करून बघाच : १२७ भागिले १०० आणि ८० भागिले ६३ हे दोन आकडे किती जवळ येतात बघा. एक चाक आलं की ७० नं १०० आणि ६३ नं ८० असा १.७५, ५० नं १०० आणि ६३ नं ८० असा १.२५, ४० नं १०० आणि ६३ नं ८० असा १, आणि २ चा तर सरळ ६३ नं १००, मधे कुठलंही एक चाक नुसतं पोचवायला. चूक मीटरभर लांबीत ०.१२५ मिमी. हे चाक हॉबिंगवाल्याकडूनच (गिअरचे दाते पाडणाऱ्याकडूनच) करून घ्या, उद्यमनगरात ते भेटतात. मिलिंगवर डिव्हायडिंग हेडनं (वर्तुळाचे समान भाग पाडणाऱ्या साधनानं) करतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, ६३ भोकांचं वर्तुळ आहे का. साध्या प्लेटवर ते बहुतेकांकडं नसतं.

पण ऑर्डर देण्याआधी तुमच्या दात्यांचं माप काढून न्या. ४० दात्यांच्या चाकाचा बाहेरचा व्यास मोजा आणि ४२ नं भागा. व्यास ६३ मिमी आला, म्हणजे भागाकार १.५, तर दीड मॉड्यूल. ६६.७ आला तर ते जुन्या इंची पद्धतीचं, सोळा डी.पी.चं (डायमेट्रल पिच, दात्याचं इंची माप). दोन्ही हातात सारखीच वाटतात, एकमेकांत घातली तर एकदोन दिवस फिरतातही, आणि मग दाते खातात. लेथ जुना आहे, तेव्हा चाकाचा नमुनाच सोबत न्या. दाब-कोन साडेचौदा की वीस अंश, तेही नमुन्यावरून त्यांना कळेल.

बोल्ट झाला की कळवा. नट शेवटपर्यंत बोटांनी गेला का, एवढंच लिहिलं तरी चालेल.

इचलकरंजीहून आय.टी.आय.चा एक विद्यार्थी विचारतो :

सर, आमच्या वर्कशॉपमधल्या लेथचा लीड स्क्रू इंची आहे. मिमीचे आटे काढताना पहिला कट छान येतो. हाफ नट (कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा नट) सोडून कॅरेज मागं आणतो आणि पुन्हा लावतो, तर दुसरा कट पहिल्या आट्याच्या मधोमध पडतो आणि आटे तुटतात. डायलवर (हाफ नट कधी लावायचा ते दाखवणाऱ्या तबकडीवर) त्याच आकड्यावर लावतो तरी असं का?

उत्तर :

बाळा, तो डायल लीड स्क्रूवर फिरतो आणि लीड स्क्रू इंची आहे, म्हणून डायलला इंचाचाच हिशेब कळतो. इंचाला आठचा लीड स्क्रू असेल आणि तू आठ, सोळा किंवा चोवीस आट्यांचा कट घेत असशील, तर डायल न बघता कुठंही हाफ नट लाव, बरोबर बसेल, कारण लीड स्क्रूच्या प्रत्येक आट्यात तुझे पुरे आटे मावतात. १.५ मिमीचे आटे ३.१७५ मध्ये पुरे मावत नाहीत, दोन होऊन थोडं उरतं. ते उरलेलं प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडतं. डायलवर तोच आकडा आला तरी सळीवर जागा दुसरी येते.

म्हणून इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचा आटा सुरू केला की शेवटच्या कटापर्यंत हाफ नट उघडायचा नाही. कट संपला की मशीन थांबव, टूल क्रॉस स्लाइडनं बाहेर ओढ, मग मशीन उलटं फिरवून कॅरेज मागं आण. टूल बाहेर ओढल्याशिवाय उलटं फिरवलंस तर गिअरमधल्या आणि हाफ नटमधल्या ढिलेपणामुळं टूल आट्याच्या दुसऱ्या भिंतीवर घासतं आणि टोक तुटतं. मागं येताना आटा सुरू होतो त्याच्या बोटभर पलीकडं जाऊन थांब, म्हणजे पुन्हा पुढं निघताना तो ढिलेपणा सळीला टूल लागण्याआधीच भरून निघेल.

एक गोष्ट तुझ्या सरांना विचारून घे. चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेलं असेल, तर जोरात उलटं फिरवताना ते सुटू शकतं. वीसपंचवीस किलोचं चक बेडवर पडलं तर काय होईल हे तुला सांगायला नको. अशा लेथवर पूर्ण थांबल्यावरच उलटं, आणि तेही सगळ्यात कमी वेगात.

गारगोटीहून एक प्लंबर विचारतात :

अर्धा इंची पाइपचा आटा अर्धा इंची बोल्टच्या नटात का जात नाही? दोन्ही अर्धा इंचीच ना? पाइपचा आटा लेथवर काढायचा तर गिअर कुठले? लीड स्क्रू इंचाला आठ.

उत्तर :

नावात अर्धा इंच असला तरी पाइपचा तो आकडा पूर्वी आतल्या भोकाचा होता, बाहेरच्या व्यासाचा नव्हे. अर्धा इंची बी.एस.पी. (ब्रिटिश पाइपच्या) आट्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी आणि इंचाला चौदा आटे. अर्धा इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचा) बोल्ट १२.७ मिमीचा, इंचाला बारा. दोन्हींना टूल ५५ अंशाचं लागतं, एवढंच काय ते नातं. मिलिमीटरचं ६० अंशाचं टूल इथं चालवू नका; आटा पडल्यासारखा दिसतो आणि सांध्यातून पाणी झिरपतं.

गिअर सोपे आहेत. चौदाला ४० नं ७०. तेवढ्यानंच पाऊण इंची पाइपचंही होतं, त्यालाही चौदाच आटे. एक इंचापासून पुढं पाइपला अकरा आटे, त्याला ४० नं ५५. मधलं चाक कुठलंही घाला, फक्त एकच घाला. दोन घातलीत तर आटा डावा पडेल. आणि पहिला ओरखडा ओढला की पट्टी लावून एका इंचात चौदा मोजून घ्या.